घसरण्याचे शिक्षण : एका मोटारखेळाची समीक्षा

संपादकांनी यंदाही एखाद्या नव्या कादंबरीवर लिहा म्हणून सांगितले होते. कादंबरी आणली, वाचली, समासात खुणाही केल्या. परंतु श्रावणात सुरतेला धाकट्या बहिणीकडे चार दिवस राहण्याचा योग आला आणि तेथे जे पाहिले ते त्या कादंबरीपेक्षा अधिक काळ मनात घोळत राहिले. तेव्हा कादंबरीकाराची क्षमा मागून मी येथे संगणकावरच्या एका मोटारखेळाची समीक्षा करीत आहे. रसिकांनी लगेच नाक मुरडू नये. तमाशाला आणि सिनेमालाही आपण आधी नाकच मुरडले होते.

आमच्या नवापूर स्थानकाच्या फलाटावरूनच सरहद्द जाते. एकाच बाकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. तापी खोऱ्यातल्या या लोहमार्गाने खानदेशातली किती कुटुंबे उधना-लिंबायतला नेऊन वसवली याची गणती नाही. बहिणीचे त्यांतलेच एक. मेहुणे टेम्पो चालवतात. रिंगरोडच्या कापडबाजारातून साड्यांची पार्सले भरून धुळ्याकडे जातात. भाचा वीस वर्षांचा. दिवसा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात काम, आणि रात्री जेवण झाले की संगणकापुढे. पहिल्या पगारांतून त्याने जुन्या वापराचे एक स्टिअरिंग आणि पायांखालची पेडले घेतली आहेत. ती लाकडी स्टुलाला नट-बोल्टांनी आवळून तो मोटार घसरवायला शिकतो. शर्यत नव्हे, घसरवायला. याला ड्रिफ्टिंग म्हणतात.

बहिणीने मला बोलावले होते ते याच कारणाने. "भाऊ, तू हेडमास्तर आहेस ना? मग सांग, हे ठेवू का विकून टाकू?" तिची भीती खोटी नव्हती. २०२३ च्या जुलैत अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर भरधाव मोटारीने नऊ जणांचा जीव घेतला. पुढच्याच मे महिन्यात पुण्याला तसेच दोन जण गेले. पडद्यावर जे गंमत म्हणून करतो ते उद्या डुमस रस्त्यावर करणार नाही कशावरून? मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्यास मनाई करते, पण मुलगा घराबाहेर पडताना आईला कलम आठवत नाही. निकाल मला द्यायचा होता. म्हणून दोन रात्री मी त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलो.

खेळाचे नाव 'असेट्टो कोर्सा'. कुनोस सिम्युलाझिओनी या इटालियन कंपनीचा, २०१४ च्या डिसेंबरात पूर्ण रूपात आलेला. घसरण्याची विद्या मात्र जपानची. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी हा शर्यतपटू वळणावर गाडी मागून मोकळी सोडून नेत असे. ते पाहून केइची त्सुचियाने ती रीत घाटरस्त्यांवर आणली आणि १९८७ च्या एका चित्रफितीने ती घरोघर पोहोचली. पुढे तिच्या स्पर्धा सुरू झाल्या. मला विशेष वाटले ते या स्पर्धांचे परीक्षण. येथे आधी पोहोचणारा जिंकतो असे नाही. गाडीने कोणती रेषा धरली, किती कोनात ती तिरपी राहिली, घसरण्यात डौल किती, हे पाहून परीक्षक गुण देतात. म्हणजे हा खेळ मुळातच समीक्षकाच्या हवाली केलेला आहे.

दुसऱ्या रात्री भाच्याने मला चाकापुढे बसवले. मोकळ्या मैदानात एका खांबाभोवती गोल फिरायचे, हा पहिला धडा. तो आला की आठचा आकडा. पहिल्या गिअरमध्ये जोरात अॅक्सिलरेटर दाबला, मागची चाके सुटली, मी चाक गच्च धरले आणि गाडी गिरकी घेऊन उलट्या तोंडाने उभी राहिली. सात-आठ वेळा तेच.

"मामा, चाक सोडा."

"सोडले तर गाडी कुठे जाईल?"

"गाडी जिकडे घसरतेय तिकडे चाक आपोआप वळतं. तुम्ही फक्त वेळेवर पकडा."

यामागे यंत्रशास्त्र आहे. पुढच्या चाकांचा वळण्याचा आस किंचित मागे कललेला असतो; त्यामुळे गाडी आडवी झाली तरी पुढची चाके प्रवासाच्या दिशेकडे स्वतःहून वळू पाहतात. खेळातल्या स्टिअरिंगमध्ये बसवलेली लहानशी मोटार हाच ओढा हाताला देते. शिकाऊ माणूस भीतीने तो अडवतो, किंवा उशिरा आणि जास्त वळवतो, मग गाडी झटक्याने दुसऱ्या बाजूला फेकली जाते. घसरण सुरू झाल्यावर दिशा ठरवतो तो मुख्यतः उजवा पाय. वळण डावीकडे, चाक उजवीकडे आणि गाडी मात्र वळणावरच. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये लयीची संवाद, विरोध आणि समतोल अशी तीन तत्त्वे सांगितली. एम. ए.ला ती मी पाठ करून लिहिली होती. विरोधातून समतोल कसा उभा राहतो हे लिंबायतच्या त्या दहा बाय दहाच्या खोलीत प्रथम डोळ्यांनी पाहिले, हे कबूल करायला संकोच वाटत नाही.

खेळाचा दोष सांगायचा तर पहिला गुणफलकाचा. कोन आणि वेग यांवरून गुणांचा आकडा पडद्यावर सारखा वाढत असतो. तो चालू असला की भाचा गाडी उगाच जास्त आडवी करतो, रेषा बिघडवतो. गाईड वाचून उत्तरे लिहिणारी मुले मी तीस वर्षे पाहतो आहे, तीच लकब. मी त्याला आकडा बंद करायला सांगितले. त्याने केला, थोडा रुसला, आणि अर्ध्या तासाने त्याचीच एक फेरी पुन्हा लावून शांतपणे पाहत बसला. एवढ्या दोन दिवसांत मला तो तेव्हा खरा विद्यार्थी वाटला.

दुसरा दोष मोठा आहे आणि तो मला मेहुण्यांमुळे कळला. पंचवीस वर्षे स्टिअरिंग धरलेला माणूस. आम्ही आग्रहाने बसवले. मला वाटले, हा सहज करील. पण त्यांचीही गाडी गरगर फिरली. तीनदा झाले तेव्हा ते खुर्चीच्या पाठीवर हात आपटून म्हणाले, "गाडी डोयाले नही, पाठले समजस." मागचे चाक सुटले हे पडद्यावर दिसण्याच्या आधी चालकाच्या पाठीला आणि बैठकीला कळलेले असते. खुर्ची जागची हलत नाही. म्हणून भाचा डोळ्याने आणि हाताने जे शिकला त्यात ही एक संवेदनाच नाही. भीती नाही, आणि टायरही झिजत नाही. चूक फुकट आहे म्हणून तो हजार वेळा चुकू शकला आणि शिकला, हेही तितकेच खरे. आमच्या शाळांत चूक इतकी स्वस्त कधीच नव्हती.

शुइची शिगेनो यांच्या 'इनिशिअल डी' या १९९५ पासून निघालेल्या जपानी चित्रकथेत एक मुलगा पहाटे बापाच्या दुकानातला टोफू घाटातून पोहोचवतो. बाप गाडीत पाण्याने भरलेला पेला ठेवतो. पाणी सांडता कामा नये. भाच्याने ही गोष्ट मला मोठ्या उत्साहाने सांगितली. त्याचा बाप त्याच खोलीत बसून चहा पीत होता.

बहिणीला मी सांगितले की विकू नको. जो मुलगा चाक केव्हा सोडावे आणि केव्हा पकडावे हे रात्र-रात्र बसून शिकतो त्याला रस्त्यावरचा उनाडपणा बहुधा फिका वाटेल. बहुधा म्हणालो, तिने तो शब्द बरोबर ऐकला आणि गप्प राहिली.

निघण्याच्या रात्री मेहुणे पुन्हा एकदा त्या स्टुलापुढे बसले. म्हणाले, "पाऊस लाव. मागे माल भर." भाचा हसला. मूळ खेळात पाऊस नाही. तो वेगळा जोडून घ्यावा लागतो. आणि मालाने भरलेला टेम्पो तर कोणी बनवलेलाच त्याला ठाऊक नव्हता.

"मग कोंडाईबारी कसा येईल?" मेहुण्यांनी विचारले आणि उठले. अकराला गाडी सुटायची होती, बाहेर सर येऊन गेली होती. भाच्याने संगणक बंद केला आणि ताडपत्रीचा दोर घेऊन त्यांच्या मागे जिना उतरला. मीही पिशवी घेतली. टेम्पोच्या पुढच्या सीटवर तिघे दाटीने बसलो. नवापूरपर्यंत मला सोडून ते दोघे पुढे घाटाकडे जाणार होते.