‘अब्रू गेली’ : एका वाक्प्रयोगाची चिकित्सा

लैंगिक अत्याचाराचे कथन करताना मराठी भाषा दोन निरनिराळी वाक्यरूपे योजते. ‘त्याने तिच्यावर बलात्कार केला’ या वाक्यात कर्ता आहे, कृती आहे, आणि कृतीचे उत्तरदायित्वही आहे. ‘तिची अब्रू गेली’ या वाक्यात क्रियापद अकर्मक होते, अपराधी वाक्याबाहेर पडतो, आणि तिचे नुकसान तेवढे उरते. ‘अब्रू लुटली’ म्हटल्याने कर्ता परत येऊ शकतो. परंतु लुटले जाते ते घराण्याचे धन. तिची इच्छा मोडली गेली, हे दोन्ही प्रयोगांत अनुक्तच राहते.

असे सौम्य शब्द पीडितेविषयीच्या दयेपोटी योजले जातात, हा युक्तिवाद सर्वस्वी निराधार नाही. तथापि इच्छेचा विचार वगळल्याचे परिणाम भाषेपुरते राहत नाहीत. विदर्भातील देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार होती. उच्च न्यायालयाने दोषी ठरविलेल्या दोन पोलिसांना १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. अंगावर जखमा नव्हत्या, हे त्यामागील एक प्रमुख कारण होते. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या कायद्याच्या अध्यापकांनी १९७९ साली खुले पत्र लिहून संमती आणि निरुपायाची शरणागती यांतील भेद दाखवून दिला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानू नये, हे कायद्यात स्पष्टपणे यावयास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

या वाक्प्रयोगाचा सर्वांत घातक परिणाम मदतीच्या वाटेवर होतो. गेलेल्या अब्रूवर इलाज नसतो. झालेल्या इजेवर असतो. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू व्हावे लागते. घरची माणसे अब्रू झाकण्याच्या विवंचनेत असताना हेच तास निघून जातात. सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तत्काळ व विनामूल्य उपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे. तक्रार हद्दीचा विचार न करता कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदविता येते, आणि १८१ या क्रमांकावर महिलांना साहाय्य मिळते.

पीडिता प्रथम बहुधा ‘नको ते घडले’ एवढेच म्हणते. तेवढ्यावरून अर्थ ओळखून, ‘दोष तुझा नाही, आधी दवाखान्यात जाऊ’ असे सांगणे हे ऐकणाऱ्याचे कर्तव्य होय. त्या उत्तरात अब्रू या शब्दाला स्थान नसावे.