दोन दारे आणि आपला प्रेक्षक

नवा चित्रपट थिएटरात आणि घरच्या पडद्यावर एकाच दिवशी यावा की नाही, यावर गेली पाच-सहा वर्षे बराच वाद झाला आहे. या वादात निर्माते बोलले, मल्टिप्लेक्सचे मालक बोलले, ओटीटी कंपन्या बोलल्या, नटनट्या बोलल्या. बोलला नाही तो प्रेक्षक. त्यातही गावकुसाबाहेरच्या, झोपडपट्टीतल्या, वसतिगृहातल्या आपल्या प्रेक्षकाला तर कोणी विचारलेही नाही. जणू त्याने पडद्यावर दुःखाचा विषय म्हणून यावे, एवढाच त्याचा चित्रपटाशी संबंध! मी एका तालुक्याच्या महाविद्यालयात मराठी शिकवतो. चित्रपटधंद्याशी माझा संबंध तिकीट काढण्यापुरता. परंतु हा प्रश्न केवळ धंद्याचा नाही, तो सार्वजनिक जागेचा आहे, आणि सार्वजनिक जागेचा प्रश्न आला की आपल्याला गप्प बसता येत नाही.

आधी वादाचे स्वरूप पाहू. अमेरिकेत डिसेंबर २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केले की २०२१ सालचे आपले सर्व चित्रपट थिएटरात आणि एचबीओ मॅक्सवर एकाच दिवशी येतील. पुढे जुलै २०२१ मध्ये डिस्नेने 'ब्लॅक विडो' असाच दोन्हीकडे आणला, तेव्हा स्कार्लेट जोहान्सन या नटीने कंपनीवर दावा लावला. तिचे मानधन तिकीटविक्रीशी बांधलेले होते. घरबसल्या चित्रपट पाहणाऱ्यांमुळे आपला वाटा बुडाला, असे तिचे म्हणणे. दोन महिन्यांत तडजोड झाली. आपल्याकडे टाळेबंदीत 'गुलाबो सिताबो' जून २०२० मध्ये थिएटर वगळून थेट ओटीटीवर आला. मे २०२१ मध्ये सलमान खानचा 'राधे' जी काही मोजकी थिएटरे उघडी होती तिथे आणि घरच्या पडद्यावर २४९ रुपयांत एकाच दिवशी लागला. साथ ओसरल्यावर मल्टिप्लेक्सवाल्यांनी हिंदी चित्रपटांसाठी पुन्हा आठ आठवड्यांचे अंतर लावून धरले. आधी थिएटर, मग घर. मे २०२५ मध्ये 'भूल चूक माफ'च्या निर्मात्यांनी ऐनवेळी थिएटर टाळून थेट ओटीटीवर जाण्याचे ठरवले, तेव्हा मल्टिप्लेक्स कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्यांना रोखले. अखेर २३ मे रोजी चित्रपट थिएटरात लागला आणि दोनच आठवड्यांनी, ६ जूनला, ओटीटीवर आला. आठ आठवड्यांच्या अंतराची ही पवित्रता! मालकांचे हितसंबंध जुळले की आठाचे दोन होतात.

याच उन्हाळ्यातली दुसरी घटना पाहा. अनंत महादेवन यांचा 'फुले' ११ एप्रिल २०२५ रोजी, जोतीरावांच्या जयंतीला, लागणार होता. काही ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला. परीक्षण मंडळाने महार, मांग, पेशवाई हे शब्द आणि मनूच्या जातिव्यवस्थेचा उल्लेख काढायला लावल्याचे प्रसिद्ध झाले. चित्रपट दोन आठवडे लांबून २५ एप्रिलला लागला. ज्या माणसाने महारामांगांच्या मुलींसाठी शाळा काढली, त्याच्या जीवनपटात महार आणि मांग हे शब्द नकोत! एका विनोदी चित्रपटाच्या दोन आठवड्यांसाठी मालकवर्ग उच्च न्यायालयात जातो. जोतीरावांच्या दोन आठवड्यांसाठी आणि दोन शब्दांसाठी यांपैकी कोणी न्यायालयाची पायरी चढला काय?

यावर कोणी म्हणेल, मग तुम्हाला ओटीटीच बरे. तिथे प्रदर्शनापूर्वी परीक्षण मंडळाची कात्री नाही. मीही काही काळ असेच म्हणत होतो. 'जय भीम' २ नोव्हेंबर २०२१ रोजी थेट ओटीटीवर आला तेव्हा आमच्या अभ्यासमंडळात मी मोठ्या तोऱ्यात बोललो होतो, की थिएटरचा मालक हा जुना जमीनदार आहे, त्याची वेस आता मोडली. परंतु ओटीटी ही कंपनी आहे, आणि कंपनीला स्वतःची वेस असते. तमिळ चित्रपट 'अन्नपूर्णी' डिसेंबर २०२३ मध्ये आधी थिएटरात लागला, महिनाअखेरीस ओटीटीवर आला आणि हिंदुत्ववादी संघटनांनी ओरड करताच जानेवारीत तिथून नाहीसा झाला. थिएटरात लागलेला चित्रपट निदान लोकांनी पाहिलेला तरी असतो. घरच्या पडद्यावरचा चित्रपट रात्रीतून पुसता येतो.

संध्या सुरी यांच्या 'संतोष'ची कथा तर याहून बोलकी आहे. एका दलित मुलीचा खून आणि तपास करणारी विधवा पोलीस शिपाई असा त्याचा विषय. परीक्षण मंडळाने मागितलेल्या कापाकापीमुळे तो २०२५ च्या आरंभी भारतातल्या थिएटरांत येऊ शकला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ओटीटीवर येणार असे जाहीर झाले, आणि तेही थांबले. दोन्ही दारे एकाच दिवशी उघडावीत की नाही यावर विद्वान वाद घालत आहेत. आपल्या जगण्यावरच्या या चित्रपटाला दोन्ही दारे बंद झाली, यावर मात्र त्या वादात चकार शब्द नाही.

तेव्हा दार कोणते, हा आपला मूळ प्रश्न नव्हे. चित्रपट पाहणे ही आपल्या दृष्टीने कोणत्या प्रकारची कृती आहे, हा प्रश्न आहे.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' २०१४ साली लागला तेव्हा मी तो आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये पाहिला. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या अंगावर येतो. त्या अंधारात तो दगड कोणाला लागला? खालच्या खुर्च्यांवर बसलेल्या आम्हाला तो आमच्या हातातून सुटल्यासारखा वाटला. बाल्कनीत बसलेल्यांना तो लागला असावा, कारण बाहेर पडताना जिन्यावर कोणी कोणाशी बोलत नव्हते. दोन वर्षांनी 'सैराट' लागला. पूर्वार्धात शिट्ट्या वाजल्या, पोरे नाचली. शेवटी पडद्यावरचा आवाज बंद होतो आणि रक्ताच्या पावलांचे ते मूल चालू लागते. त्या वेळी टॉकीज जी गप्प झाली, ती वाड्यावरची आणि वस्तीतली माणसे एकत्र गप्प झाली. ती शांतता दिग्दर्शकाने निम्मी बनवली होती, उरलेली निम्मी प्रेक्षकांनी. घरी पाहताना त्याच जागी कुकरची शिट्टी वाजते, फोन येतो, नाहीतर बघवत नाही म्हणून पाहणारा पडदा बंद करतो. ज्याला दगड लागायला हवा, त्याच्याच हाती दगड थांबवण्याचे बटण दिले आहे! कलाकृती तीच राहिली, पण तिची सामाजिक क्रिया बदलली. चित्रपटाची समीक्षा करताना हा फरक मोजला पाहिजे.

कोणी विचारील, चित्रपट घरी पोहोचला ना, मग तक्रार कसली? त्याला माझे उत्तर महाडचे आहे. मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले ते केवळ तहान भागवण्यासाठी नव्हे. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी गेले. त्या दिवशी नगरपालिकेने प्रत्येक अस्पृश्याच्या घरी घागरभर पाणी पाठवले असते तर महाडचा प्रश्न सुटला असता काय? पाणी मिळाले असते, तळे मिळाले नसते. घरच्या पडद्यावर आलेला चित्रपट हे घरी पोचवलेले पाणी आहे. ते गोड आहे, तहानेल्याने ते नाकारू नये. पण ते तळे नव्हे.

याचा अर्थ टॉकीज हा स्वर्ग होता असे नाही. तिथे स्टॉल आणि बाल्कनी होती, आणि दरातच वर्ग होता. आता एकपडदा टॉकीज एकामागून एक बंद पडत आहेत, आमच्या तालुक्यातलीही टाळेबंदीनंतर उघडलीच नाही. जिल्ह्याच्या मल्टिप्लेक्समध्ये चौघांचे तिकीट आणि एस्टीचे भाडे म्हणजे शेतमजुराची दोन-तीन दिवसांची मजुरी. ज्यांच्यासाठी थिएटर उरलेच नाही, त्यांना 'आधी थिएटरात जा, नाहीतर आठ आठवडे थांबा' असे सांगणे ही चेष्टा आहे. म्हणून एकाच दिवशी दोन्हीकडे प्रदर्शन व्हावे, या बाजूचा मी आहे. आपल्या माणसाने शिळे का पाहावे? शिळे वाट्याला येण्याचा अनुभव आपल्याला पिढ्यान्पिढ्यांचा आहे.

पण घर म्हणजे तरी कोणाचे घर? मी अभ्यासमंडळात ते तोऱ्याचे भाषण केले तेव्हा एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, "सर, मोबाइल भावाचा आहे. तो झोपला की मला मिळतो. पिच्चर मी पाच तुकड्यांत बघितला, आवाज बंद करून." मला उत्तर सुचले नाही. थिएटरच्या रात्रीच्या खेळाला ती जाऊ शकत नाही, घरच्या पडद्यावर तिचा हक्क नाही. दोन दारे उघडली तरी ती बाहेरच.

तिच्याच आग्रहाने आम्ही त्या दिवाळीच्या आठवड्यात वस्तीतल्या समाजमंदिरात भिंतीवर चादर ताणून 'जय भीम' लावला. चाळीसेक माणसे आली, त्यात बायका अधिक. चित्रपट तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड आणि हिंदीत उपलब्ध होता, मराठीत नव्हता. कामठीच्या बाबू हरदासांनी ज्या अभिवादनाचा प्रसार केला, ते या मातीतले दोन शब्द शीर्षकात घेऊन आलेला चित्रपट या मातीच्या भाषेत नव्हता. म्हाताऱ्या बायकांना हिंदी पुरते कळेना. मग ती मुलगी भिंतीजवळ उभी राहून मराठीत सांगू लागली. आरंभीच तुरुंगाच्या दारात सुटलेल्या कैद्यांना जात विचारून वेगळे काढतात, तेव्हा मागून एक आजी म्हणाल्या, "हे सांगू नको बाई, हे कळतं." पोलिसांनी देऊ केलेली गाडी नाकारून सेंगेनी पायी चालू लागते आणि गाडी तिच्या मागून रांगत येते, तेव्हा समाजमंदिरात टाळ्या पडल्या. १९९३ च्या खऱ्या खटल्यावरचा हा चित्रपट वकिलाला तारणहार करतो, ही त्याची मर्यादा आहे आणि ती मी मांडणार होतो. परंतु त्या टाळ्या वकिलाला नव्हत्या. त्या चालणाऱ्या बाईला होत्या. घरी एकटा पाहताना हे माझ्या लक्षात आले नव्हते. माझी समीक्षा त्या रात्री बायकांनी दुरुस्त केली.

आता एक कबुली. आम्ही केले ते नियमाबाहेरचे होते. ओटीटीची वर्गणी खासगी पाहण्यापुरती असते, समाजमंदिरासाठी नसते. प्रताधिकार कायद्याच्या (१९५७) ५२व्या कलमात शिक्षणसंस्थेला विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुरता चित्रपट दाखवण्याची मुभा आहे. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे नाटक किंवा गाणे केले तर तीही मुभा आहे. पण त्याच मंडळाने त्याच चादरीवर चित्रपट लावला तर नाही. म्हणजे समाजमंदिरात जलसा चालतो, सिनेमा चालत नाही. भीमराव कर्डकांच्या काळापासून जलसा वस्तीत गेला, वस्तीने जलशाकडे जायची वाट पाहिली नाही. रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारावरचा आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ चा माहितीपटही वस्त्यावस्त्यांत दाखवला गेला. तिसरे दार आपल्याला नवे नाही. त्याला फक्त मान्यता नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. चित्रपट ज्या दिवशी थिएटरात आणि ओटीटीवर येतो, त्याच दिवशी तो अल्प शुल्कात समाजमंदिर, विहार, वसतिगृह आणि गावच्या ग्रंथालयात दाखवण्याचा परवाना मिळाला पाहिजे, आणि तो मराठीत ऐकता आला पाहिजे. आपल्या दुःखावर चित्रपट काढणाऱ्या पुरोगामी निर्मात्यांनी करारात हे एक कलम घालावे. त्यांची बांधिलकी शीर्षकात आहे की करारात, हे त्यातून कळेल. विद्यापीठांतल्या प्राध्यापक मित्रांनी कायद्याने दिलेली मुभा तरी वापरावी, महिन्याला एक चित्रपट दाखवावा आणि पालकांना बोलवावे. पालक म्हणजे वस्तीच.

ती मुलगी आता जिल्ह्याला बी.एड. करते आहे. मागच्या महिन्यात तिचा निरोप आला: "सर, इथल्या वसतिगृहात भिंत आहे, चादर आहे. परवानगी कोणाची घ्यायची?" मी अजून उत्तर दिलेले नाही. वाचकांपैकी कोणी देऊ शकत असेल तर द्यावे.