जुन्या डॉक्टरच्या घरी

माझी भाची ‘डॉक्टर हू’ची मोठी चाहती, पण २००५ नंतरच्या भागांची. काळात आणि अंतराळात भटकणारा तो गृहस्थ, बाहेरून पोलिसांच्या निळ्या खोपट्याएवढे नि आतून वाड्याएवढे त्याचे यान, सारे तिला तोंडपाठ. बी.बी.सी.ने ही मालिका १९६३ साली सुरू करून १९८९ पर्यंत चालवली होती, हे मात्र ती नुसते ऐकून होती. गेल्या सुट्टीत तिने विचारले, “मामा, जुने भाग कुठून पाहू?”

मी पडलो शाळामास्तर. पहिल्या धड्यापासून, असे ठरवून टाकले आणि २३ नोव्हेंबर १९६३ चा भाग लावला. लखनौला जन्मलेल्या वारिस हुसेन यांचे दिग्दर्शन, आणि आजही अंगावर काटा येतो. दोन शिक्षक एका विलक्षण विद्यार्थिनीचे घर शोधत भंगाराच्या आवारात शिरतात. (मीही असा मुलांच्या घरी गेलो आहे, यान कधी सापडले नाही.) पण पुढचे तीन भाग गुहेतल्या रानटी माणसांचे नि त्यांच्या विस्तवाच्या भांडणाचे. भाचीने जांभई दिली, मग मोबाइल उघडला. क्रमाच्या हट्टापायी मी एक प्रेक्षक गमावलाच होता. आणि तो क्रम तरी धड कुठे उरला आहे? फिती पुसून पुन्हा वापरायच्या त्या काळच्या काटकसरीत साठीच्या दशकातले नव्वदाहून अधिक भाग गेले. त्यांचा आवाज तेवढा आहे, तोही रसिकांनी घरी टेपवर धरून ठेवला म्हणून.

मग मी १९७५ ची ‘जेनेसिस ऑफ द डेलेक्स’ काढली. टेरी नेशन यांची सहा भागांची कथा, डॉक्टर टॉम बेकर. डेलेक हे भाचीच्या ओळखीचे शत्रू. ते जन्मले कसे, हे तिला पाहायचेच होते. अट एकच घातली: दिवसाला एक भाग. पंचवीस-पंचवीस मिनिटांचे हे भाग आठवडाभर वाट पाहायला लावण्यासाठी रचलेले. सलग पाहिले की तीच ती पकडापकडी कंटाळवाणी होते. मध्येच एक राक्षसी शिंपला डॉक्टरच्या सोबत्याचा पाय धरतो. भाची खो खो हसली. मीही हसलो, शिंपल्याची वकिली कोण करणार?

सहाव्या भागात ती हसली नाही. डॉक्टरच्या हातात दोन तारा आहेत. टेकवल्या की डेलेकांची जात उगवतानाच नष्ट. आणि तो थबकतो: अख्खी जात संपवण्याचा आपल्याला अधिकार आहे काय?

“टेकवायला हव्या होत्या, मामा. पुढे किती जीव वाचले असते!”

मी म्हणालो, नाही. पाने वाढून झाली तरी वाद मिटेना.

माझी तक्रार निराळीच आहे. तेवढ्यात बाहेरून बातमी येते, डॉक्टर सुटतो. आणि अखेर त्या तारा जुळतात त्या एका डेलेकच्याच स्पर्शाने. कादंबऱ्या लिहिणारा माणूस म्हणून सांगतो, इथे लेखकाने नायकाला पळवाट दिली. एवढा प्रश्न विचारल्यावर उत्तर त्याच्याच हातून घडवायचे होते.

नंतर १९७९ ची पॅरिसमधली ‘सिटी ऑफ डेथ’ चार संध्याकाळी हसतखेळत संपली. आता भाऊबीजेला बहिणीकडे जायचे आहे. भाचीचा निरोप आला आहे, १९६३ चा तो पहिला भाग पुन्हा पाहायचा म्हणून. तेवढाच नेणार आहे. गुहेतले तीन तिने मागितल्याशिवाय नाहीत.