हातमोज्यांचे चित्र आणि विडीचे सूप

दरेकसाच्या आसपासच्या जंगलात उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडतात, पुडे बांधून वाळवतात. इथवरचे काम उघड्यावरचे. पुढे असेच पान कुणाच्या तरी घरात येते, भिजवले जाते, कात्रीने कापले जाते आणि त्यात तंबाखू भरून विडी वळली जाते. गोंदियाकडच्या शिक्षकांना हे मी सांगायला नको.

'कामगारांची सुरक्षितता' शिकवताना मात्र आपण फळ्यावर शिरस्त्राण, चष्मा, मुखपट्टी, हातमोजे काढतो. चित्र खोटे नाही. पण ते शेवटच्या उपायाचे आहे आणि आपण ते पहिला उपाय म्हणून शिकवतो, ही माझी तक्रार. विडी वळणाऱ्या बाईला हातमोजे देऊन पाहा. पानाचा ताण बोटांनाच कळतो आणि मजुरी हजार विड्यांवर मिळते. हातमोजे तासाभरात कोपऱ्यात जातील, आणि त्यात तिचा निष्काळजीपणा मुळीच नसेल.

एका विडीत साधारण 0.2 ग्रॅम तंबाखू धरली, तर हजार विड्यांमागे 200 ग्रॅम तंबाखू उघड्या बोटांतून जाते. निकोटिन पाण्यात विरघळते आणि कातडीतून शरीरात शिरते; पान ओलसर, म्हणून बोटेही ओलसर. श्वासातून जाणारी धूळ वेगळीच. तिचे अगदी बारीक कण नाकावरच्या पदराला जुमानत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत चमचाभर द्रावकासाठीही हवा ओढून घेणारे कपाट असते. इथे सुपाशेजारी पाळणा असतो.

आधी धोकाच दूर करावा, ते जमत नसेल तर कामाची जागा वेगळी करावी, हवा खेळती ठेवावी, मुखपट्टी त्यानंतर. हे कायद्यालाही ठाऊक होते. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्यात स्वच्छता, वायुवीजन, गर्दी यांवर कलमे होती, पण 'औद्योगिक जागे'च्या व्याख्येतून राहते घर वगळलेले होते. घरी विड्या वळणारी बाई कामगार ठरली, तिची खोली मात्र कामाची जागा ठरली नाही. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या संहितेतही ही व्याख्या तशीच उतरली. 1986 च्या बालकामगार कायद्याने विडीकाम मुलांना बंद केले, तेव्हाही कुटुंबाबरोबरच्या कामाला सूट ठेवली होती.

इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने 1700 साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात तंबाखूचे काम करणारेही आहेत. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असा त्याचा आग्रह होता. शाळेच्या आरोग्यतपासणीत आपण उंची, वजन, डोळे, दात पाहतो. 'घरात कोणते काम चालते, आणि तू झोपतोस कुठे?' हा प्रश्न मी अजून एकाही तक्त्यावर पाहिलेला नाही.