‘स्मृतिचित्रे’ : अंतःकरणपालटाची सावकाश वाट

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले. भाषेचा साधेपणा, विनोद, टिळकांच्या विक्षिप्तपणाच्या कथा यांचे कौतुक झाले. परंतु श्रद्धेच्या अंगाने या ग्रंथाचे वाचन त्या मानाने थोडेच झाले. ते व्हावे, असे आम्हांस वाटते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. ग्रंथाचा खरा गाभा या मधल्या काळात आहे. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यात वाढलेली ही स्त्री पतीचा विरह सोसते. पुढे त्यांच्याजवळ राहायला येते, पण स्वयंपाकपाणी वेगळेच ठेवते. अखेरीस जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे, ही जाणीव तिच्या मनात उजाडते आणि ती कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेऊ लागते. बाप्तिस्म्याचे पाणी नंतर आले. आधी शेजाऱ्याच्या हातचे पाणी आले. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात पेत्राला यापोमध्ये जे उमगले, तेच येथे एका मराठी स्वयंपाकघरात घडते.

आमच्या साक्षपर लेखनाला हा धडा मोलाचा आहे. त्यात पुष्कळदा काल अंधार आणि आज प्रकाश असतो. मधली वाट कोणी सांगत नाही. लक्ष्मीबाई ती सांगतात, स्वतःच्या हट्टासकट आणि रुसव्याफुगव्यांसकट. पिठातले खमीर जसे गाजावाजा न करता काम करते, तशी कृपा येथे काम करते.

ग्रंथाला मर्यादाही आहेत. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट परंपरेतले. मिस्सा आणि ख्रिस्तप्रसाद यांतून मिळणारे जे पोषण कॅथलिक वाचक शोधील, ते येथे सापडणार नाही. ग्रंथातील संघर्षही ब्राह्मणी घरातला आहे. नवापूर तालुक्यातील विसरवाडीच्या आदिवासी ख्रिस्ती कुटुंबाने सोवळ्याचा जाच आतून नव्हे, बाहेरून पाहिलेला असतो. मावची बोलणाऱ्या घराला हे पुस्तक आपले का वाटावे?

आमच्या मते, वाटू शकते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, पतीकडून अक्षरे शिकलेल्या स्त्रीचे हे बोलणे आहे. म्हणून ते मावचीतही सहज सांगता येईल. आणि ज्याला दूर ठेवले गेले, त्याने दूर ठेवणाऱ्याचे मन कसे वितळते हे वाचावे, यातही सांत्वन आहे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. आपल्या घरी कोणाचा पेला अजून वेगळा आहे, कोणत्या भावाशी बोलणे तुटले आहे, हेही प्रत्येकाने पाहावे.

रात्रीच्या रोझरीनंतर या ग्रंथाची दोन पाने घरात मोठ्याने वाचावीत, जमल्यास आपल्या बोलीत सांगावीत. ख्रिस्तप्रसादाच्या मेजाकडे जाणारी वाट आपल्या स्वयंपाकघरातूनही जाते, याचे स्मरण त्यातून राहील.