पॅलेडिअम, पिंजरा आणि पुरावा

२०२५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना मिळाले आणि 'धातु-सेंद्रिय चौकटी' हा शब्द प्रयोगशाळेतून थेट शिक्षकांच्या खोलीत आला. त्यानंतर एका शिक्षक-शिबिरात आम्ही या विषयावर तासभर बोललो. बोलण्याच्या भरात एक वाक्य टाकून दिले: या चौकटींच्या पोकळ्यांत पॅलेडिअमचे कण बसवले, की अल्कोहोलचे अल्डिहाइड नुसत्या हवेतल्या ऑक्सिजनने होते, मागे फक्त पाणी उरते आणि उत्प्रेरक गाळून पुन्हा पुन्हा वापरता येतो. मागच्या बाकावरच्या एका बाईंनी विचारले, "पॅलेडिअम आत बसूनच काम करतो, हे कशावरून?" आम्ही "शोधनिबंधांत तसे दाखवले आहे" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन निबंध पुन्हा काढून वाचले, तेव्हा बाईंचा प्रश्न आमच्या उत्तरापेक्षा पुष्कळ मोठा निघाला.

दाव्याची चांगली बाजू आधी सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे. बारावीच्या प्रयोगशाळेत अल्कोहोलवर आम्लयुक्त पोटॅशिअम डायक्रोमेट टाकले, की नारिंगी रंग जाऊन हिरवा येतो. मुलांना तो बदल आवडतो. बेसिनमध्ये काय गेले हे कोणी विचारत नाही. हिशेब करून पाहा. बेंझिल अल्कोहोलचे तीन मोल, म्हणजे ३२४ ग्रॅम घेतले, तर त्यांना डायक्रोमेट २९४ ग्रॅम आणि सल्फ्युरिक आम्ल ३९२ ग्रॅम लागते. हाती येते ३१८ ग्रॅम बेंझाल्डिहाइड आणि त्याबरोबर क्रोमिअम सल्फेट व पोटॅशिअम सल्फेट मिळून ५६६ ग्रॅम. म्हणजे मालापेक्षा गाळ जास्त. तेच काम ऑक्सिजनने केले, तर २१२ ग्रॅम बेंझाल्डिहाइडमागे ३६ ग्रॅम पाणी, बाकी काही नाही. एवढा फरक असताना रसायनशास्त्रज्ञ या वाटेला लागले नसते तरच नवल.

पॅलेडिअम हे काम करतो ते असे. अल्कोहोलचा रेणू धातूच्या पृष्ठभागाला चिकटतो. धातू त्याचे दोन हायड्रोजन काढून घेतो, एक ऑक्सिजनवरचा आणि एक शेजारच्या कार्बनवरचा. अल्डिहाइड सुटून जाते. धातूवर राहिलेले हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन पाण्याच्या रूपात उचलून नेतो आणि जागा पुन्हा मोकळी होते. कण जितका लहान, तितके त्याचे जास्त अणू पृष्ठभागावर. दोन नॅनोमीटरच्या कणाचे सुमारे निम्मे अणू बाहेर असतात. पण असे लहान कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि शेवटी भांड्याच्या तळाशी काळा, निरुपयोगी साका बसतो. म्हणून त्यांना वेगवेगळे ठेवणारे घर हवे. सच्छिद्र चौकट हे ते घर.

या चौकटींची कल्पना ज्या प्रसंगातून सुचली, तो आमच्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रॉबसन विद्यार्थ्यांसाठी लाकडी गोळ्यांचे रेणू-नमुने तयार करून घेत होते. कोणत्या गोळ्याला कोणत्या कोनात भोके पाडायची, हे कार्यशाळेला सांगताना त्यांच्या लक्षात आले, की भोकांच्या जागा एकदा ठरल्या की सगळी रचनाच ठरून जाते. त्याचा पहिला निबंध १९८९ साली आला. शिकवण्याचे साहित्य बनवता बनवता सुचलेली ही गोष्ट आहे.

आता टीकेकडे वळू. पहिला मुद्दा फूटपट्टीचा. २००५ साली फ्रान्समधील व्हर्सायच्या जेरार फेरे यांच्या गटाने मिल-१०१ ही चौकट बनवली. तिच्या पोकळ्यांचा व्यास २.९ आणि ३.४ नॅनोमीटर, दारे १.२ ते १.६ नॅनोमीटरची. तिच्यात दोन-अडीच नॅनोमीटरचा पॅलेडिअमचा कण आत तयार होऊन राहू शकतो, आणि ०.६ नॅनोमीटरच्या आसपासचा बेंझिल अल्कोहोलचा रेणू ये-जा करू शकतो. येथवर ठीक. पण २००८ साली ऑस्लो विद्यापीठात तयार झालेली यूआयओ-६६ ही झिर्कोनिअमची चौकट घ्या. तिच्या पोकळ्या साधारण एक नॅनोमीटरच्या आणि दारे ०.६ नॅनोमीटरची. अशा चौकटीत 'तीन नॅनोमीटरचे कण पोकळ्यांमध्ये बसवले' असे कोणी लिहिले, तर ते सुपारीच्या डबीत नारळ ठेवल्यासारखे झाले. व्यास तिप्पट म्हणजे आकारमान सत्तावीस पट. कण एकतर बाहेर चिकटले आहेत किंवा आतल्या भिंती मोडून बसले आहेत. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे साधे छायाचित्र येथे निर्णय देत नाही, कारण ती पडछाया असते. पुढचा, मागचा आणि आतला कण तिच्यात सारखाच काळा ठिपका दिसतो. नमुना वेगवेगळ्या कोनांत फिरवून चित्रे घेतली तरच आत-बाहेर कळते. ती घेतली नसतील, तर 'आत' हा शब्द जपून वापरलेला बरा. हा गणिताचा आठवीतला मुद्दा आहे, त्याला डॉक्टरेट लागत नाही.

दुसरा मुद्दा पुनर्वापराचा. अशा निबंधांत बहुधा एक स्तंभालेख असतो. पाच स्तंभ, पाचही ९९ टक्क्यांना टेकलेले, आणि खाली मजकूर असा की उत्प्रेरकाची क्षमता पाच वेळा वापरूनही कमी झाली नाही. आम्हीही शिबिरात असाच आलेख दाखवला होता. त्यात काय लपते ते पाहा. समजा, ताज्या उत्प्रेरकाने अभिक्रिया एका तासात पूर्ण होते आणि लेखकांनी दर वेळी सहा तास वाट पाहिली. पाचव्या वेळी उत्प्रेरकाचा वेग घटून एकपंचमांश झाला असला, तरी पाच तासांत काम उरकते आणि सहाव्या तासाला स्तंभ ९९ टक्क्यांवरच उभा राहतो. तासाभराचा पेपर सोडवायला सहा तास दिले, तर झपाझप लिहिणाऱ्याला आणि रेंगाळणाऱ्याला सारखेच गुण मिळायचे. खरी परीक्षा घ्यायची तर अभिक्रिया वीस-तीस टक्के झाली असताना वेग मोजावा आणि दर फेरीत तोच टप्पा ताडून पाहावा.

आणि आता बाईंचा प्रश्न. नेदरलँड्समधील डेल्फ्टचे रॉजर शेल्डन यांनी तीन सहकाऱ्यांसह १९९८ साली द्रवातील ऑक्सिडीकरणाच्या घन उत्प्रेरकांवर एक लेख लिहिला. शीर्षकातच त्यांनी विचारले होते, की हे परीस आहेत की ट्रोजनचे घोडे. मुद्दा असा: घन पदार्थ भांड्यात दिसतो म्हणून काम तोच करतो असे नाही. धातूचे थोडेसे अणू सुटून द्रवात विरघळतात, सगळे काम तेच करतात आणि घन पदार्थ नुसता शोभेला असतो. ओळखायचे कसे? अभिक्रिया अर्धवट झालेली असताना, भांडे गरम असतानाच द्रव गाळून घ्यायचा आणि त्याच तापमानाला पुढे ठेवायचा. अल्डिहाइड वाढत राहिले, तर उत्प्रेरक गाळण्यातून खाली आला आहे.

या चाचणीतले दोन शब्द निबंधांतून हळूच गळतात, 'अर्धवट' आणि 'गरम'. अभिक्रिया संपल्यावर गाळले, तर पुढे काही होण्यासारखे उरतच नाही. चाचणी आपोआप उत्तीर्ण. थंड करून गाळले, तर विरघळलेला धातू थंड होताना पुन्हा घनावर जाऊन बसू शकतो. मग गाळलेल्या द्रवात धातू सापडला नाही, एवढ्यावरून तो मधल्या काळात बाहेर फिरून आला नव्हता असे म्हणता येत नाही. शाळा सुटताना हजेरी घेतली आणि सगळे हजर निघाले, म्हणून मधल्या सुट्टीत कोणी कुंपण ओलांडले नाही असे आपण म्हणतो का? शेल्डन यांची चाचणीही अचूक नाही. विरघळलेला धातू गाळता गाळताच निष्क्रिय झाला, तर ती फसते. म्हणून ती एकटी पुरेशी नाही. पण जिथे तीसुद्धा नाही, तिथे 'विषमांगी उत्प्रेरण' हे विशेषण म्हणजे लेखकाची इच्छा समजावी.

याखेरीज बेंझिल अल्कोहोलचा लळा आहे. बहुतेक जण पहिला प्रयोग याच्यावर करतात आणि पुष्कळ जण तिथेच थांबतात. हा सोपा पेपर आहे. बेंझीनच्या कड्याशेजारचा हायड्रोजन सहज सुटतो. २-ऑक्टॅनॉलसारख्या साध्या साखळीच्या अल्कोहोलवर तोच उत्प्रेरक कसा चालतो, ते विचारावे. शिवाय पॅलेडिअमवर बेंझिल अल्कोहोलचे दोन रेणू ऑक्सिजनवाचूनही आपसात देवघेव करतात आणि बेंझाल्डिहाइडबरोबर टोल्युइन देतात. अल्कोहोल संपले म्हणजे सगळे हवेने ऑक्सिडीकृत झाले, हा हिशेब म्हणून कच्चा.

तुलनाही टाळली जाते. एक टक्का मोल पॅलेडिअम वापरून ९९ टक्के उतारा, म्हणजे पॅलेडिअमच्या एका अणूमागे ९९ रेणू. ओसाकाच्या कानेडा यांच्या गटाने २००४ साली हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटवर पॅलेडिअम बसवून १-फिनिलइथेनॉलसाठी हाच आकडा २,३६,००० पर्यंत नेला होता. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट म्हणजे आपल्या हाडा-दातांतले खनिज. तापमान, द्रावक, अल्कोहोल वेगळे असल्याने आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत हे मान्य. पण जुन्या, स्वस्त आधारापेक्षा नवा पिंजरा काय अधिक देतो, एवढे तरी त्याच प्रयोगशाळेत, त्याच भांड्यात ताडून दाखवायला हवे.

आणि एक गंमत. ज्या क्रोमिअमपासून सुटका म्हणून हवेचा ऑक्सिजन आणला, त्याच क्रोमिअमची मिल-१०१ ची चौकट असते. तिच्यातला क्रोमिअम डायक्रोमेटमधल्यासारखा घातक नाही, हे खरे. पण ती मुळात बनवली गेली २२० अंश सेल्सिअसला, हायड्रोफ्लुओरिक आम्ल घालून. 'हरित' हा शब्द लावायचा तर हे भांडेही हिशेबात धरले पाहिजे.

याचा अर्थ सगळे पोकळ आहे असा नव्हे. चौकट जे देऊ शकते ते हाडाच्या चुऱ्याला देता येत नाही. तिची दारे अणूच्या अचूकतेने एकसारखी असतात. म्हणून लहान अल्कोहोल आणि दारातून न मावणारे मोठे अल्कोहोल एकाच भांड्यात टाकावे. लहान बदलले आणि मोठे तसेच राहिले, तर काम आतच होते आहे याचा चांगला पुरावा मिळतो. असे प्रयोग केलेले निबंध आहेत, आणि ते वाचताना आनंद होतो. बाईंना आम्ही त्यांपैकी एक दाखवायला हवा होता.

आमच्या मते चुकीचे मूळ आपल्या वर्गात आहे. उत्प्रेरक नुसत्या हजेरीने वेग बदलतो, त्याच्यात काहीच बदल होत नाही, असे आपण पाठ करून घेतो. वर पाहिलेच, पॅलेडिअम हायड्रोजन धरतो, सोडतो, चिकटतो, विरघळतो, म्हातारा होतो. हजेरी लावून गप्प बसणारा उत्प्रेरक ज्याने पाठ केला, त्याला पाच सारखे स्तंभ पाहून शंका येणार कशी?

शेल्डन यांची चाचणी शाळेत करता येते, पॅलेडिअमशिवाय. औषधाच्या दुकानातले तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तीन चंचुपात्रांत घ्या. एकात धुतलेले मँगनीज डायऑक्साइड, दुसऱ्यात चिमूटभर फेरिक क्लोराइड, तिसऱ्यात कच्च्या बटाट्याच्या फोडी टाका. तिन्हींत बुडबुडे येतील. मिनिटभराने तिन्ही द्रव दुहेरी गाळण कागदातून स्वच्छ पात्रांत गाळा आणि वर थोडे ताजे पेरॉक्साइड घाला. पहिले शांत होते, दुसरे फसफसतच राहते. पहिलेही फसफसले, तर ते उजेडासमोर धरून पाहा, काळी बारीक पूड कागदातून उतरलेली दिसेल. संशोधकांनाही हाच घोळ निस्तरावा लागतो. बटाटा मात्र मुलांना चकवतो. फोडी कागदावर राहिल्या, तरी चिरलेल्या पेशींतले विकर पाण्यात उतरलेले असते आणि गाळलेल्या द्रवातही बुडबुडे येतात. फोडी ताज्या चिरलेल्या आणि बारीक असाव्यात, म्हणजे फरक लवकर दिसतो. उकडलेल्या बटाट्याने काहीच होत नाही.