हुकूमशहांची प्रतवारी

जीन कर्कपॅट्रिक यांचा ‘हुकूमशाही आणि दुहेरी मापदंड’ हा निबंध ‘कॉमेंटरी’ या अमेरिकन मासिकाच्या नोव्हेंबर १९७९ च्या अंकात प्रसिद्ध झाला. रोनाल्ड रेगन यांना तो इतका भावला की, १९८१ साली त्यांनी लेखिकेला संयुक्त राष्ट्रसंघात आपल्या देशाच्या राजदूत म्हणून पाठविले. लेखणीच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच येते.

निबंधाचा रोख अध्यक्ष कार्टर यांच्यावर आहे. इराणचा शहा व निकाराग्वाचा सोमोझा यांना मानवी हक्कांचे धडे देऊन त्यांनी अमेरिकेचे मित्र गमावले आणि साम्यवाद्यांबाबत मात्र ते मवाळ राहिले, हा आक्षेप. त्यात तथ्य नाही असे नव्हे. लष्करशहांविरुद्ध आवाज उठविणारे कित्येक विचारवंत पूर्व युरोपातील तुरुंगांविषयी मूग गिळून बसत. खटकते ती पुढची प्रतवारी. जुन्या धाटणीची हुकूमशाही समाजाची घडी मोडत नाही, कालांतराने ती लोकशाहीकडे वळू शकते. साम्यवादी सत्ता तशी वळल्याचे उदाहरण नाही. सबब पहिलीशी सख्य ठेवावे! १९८९ साली पोलंडनेच हा सिद्धान्त खोटा पाडला.

सिद्धान्त चुकला, हे एक वेळ क्षम्य मानू. व्यवहारात त्याचे काय झाले? ११ डिसेंबर १९८१ रोजी एल साल्वादोरमधील एल मोझोते या खेड्यात अमेरिकेने प्रशिक्षण दिलेल्या तुकडीने शेकडो निःशस्त्र गावकऱ्यांची कत्तल केली. दोनच दिवसांनी पोलंडमध्ये लष्करी कायदा पुकारला गेला. पोलंडवर त्याच महिन्यात निर्बंध आले. एल साल्वादोरचे सरकार मात्र मानवी हक्कांसाठी झटत असल्याचे प्रमाणपत्र रेगन यांनी जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकन काँग्रेसला सादर केले, आणि मदत चालू राहिली. पोलंडसाठी केलेला निषेध राजकीय हेतूचा होता म्हणून खोटा ठरत नाही. ‘सॉलिडॅरिटी’चे बंदिवान खरोखरीच बंदिवान होते. आक्षेप आहे तो दुसरीकडच्या मौनाला.

हे मौन कधी कधी बोलतेही. डिसेंबर १९८० मध्ये साल्वादोरी सैनिकांनी तीन धर्मभगिनी व एक प्रापंचिक सेविका अशा चार अमेरिकन स्त्रियांवर अत्याचार करून त्यांना ठार मारले. त्या निव्वळ धर्मभगिनी नव्हत्या, राजकीय कार्यकर्त्या होत्या, अशा आशयाचे उद्गार कर्कपॅट्रिक यांनी काढले. निबंधातील संयत, विद्वत्तापूर्ण भाषा येथे कुठे गेली, असा प्रश्न वाचकाला पडावा.

आणि कार्टर तरी मित्रांशी खरोखर इतके कठोर होते काय? आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी १७ फेब्रुवारी १९८० रोजी त्यांना पत्र लिहून, लष्करी मदत धाडू नका, अशी विनवणी केली होती. २४ मार्च रोजी मिस्सा अर्पण करीत असताना रोमेरो यांना गोळी घालण्यात आली. मदत गेलीच. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ साली त्यांना संत घोषित केले.

एल मोझोतेच्या वृत्तांना पुष्टी देणारा पुरावा नाही, असे अमेरिकन सरकार सांगत राहिले. १९९२ मध्ये तेथील चर्चलगतची पडकी वास्तू खोदण्यात आली. किमान १४३ जणांचे अवशेष हाती लागले; त्यांतील १३१ मुले बारा वर्षांखालील होती.